गाय बघाल, तर वासरासकट!

घोडेगावचा शुक्रवारचा बाजार असो नाहीतर काष्टीचा शनिवारचा, गाईच्या दावणीपाशी सगळे पुरुषच! धार आपण काढायची, शेण आपण काढायचं, बचत गटाचं कर्जही आपल्याच नावावर. आणि गाय निवडणार कोण, तर घरातले बाप्ये! म्हणून मी हट्टाने बाजारात जायला लागले. सुरुवातीला हेडे हसायचे. "ताई, सावलीत बसा, मालकांना पाठवा," म्हणायचे. आता वासराजवळ वाकले की त्यांचं हसू जरा कमी होतं.

हो, वासराजवळच. नुकती व्यालेली गाय वासरासकट विकायला आणतात, तेव्हा किंमत दोघांची मिळून असते. सगळे आधी कासेकडे धावतात. पण कास फुगवता येते हो! आदल्या दिवसापासून धारच काढायची नाही, की सकाळी कास अशी तट्ट दिसते की बघणारा भुललाच. वासराचं वय मात्र लपवता येत नाही. "आठ दिवसांची व्यालेली" म्हणतात आणि वासराला शिंगांचे कोंब फुटलेले, ते चाऱ्याला तोंड लावतंय, रवंथ करतंय! म्हणजे दोन-तीन महिने झालेच. गाईचं दूध व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांत सगळ्यात जास्त असतं, मग उतरत जातं. ते चांगले दिवस दुसऱ्याच्या घरी गेले, तर आपण भाव कशाचा द्यायचा?

दुसरं, वासरू तिचंच आहे का? खाली कालवड असली की भाव चढतो. गोऱ्ह्याला आता कोण विचारतो? शेतात ट्रॅक्टर आले, संकरित गाईच्या गोऱ्ह्याला औताला मागणी नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. तो नुसता खाणार. म्हणून कधी कधी दुसरीचीच कालवड आणून बांधतात. वासरू मोकळं सोडायला सांगा. आई असेल तर हुंगेल, चाटेल, पान्हा सोडेल. परकं असलं की बहुधा लाथच!

मग कास. चारही सडांच्या पहिल्या चिळकांड्या काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या, पाणी, रक्त दिसलं तर कासदाह. तिथून सरळ उठायचं. धार काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबली पाहिजे. तशीच टणक राहिली तर ते दूध नव्हे, मांस. शक्य असेल तर विकणाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन तीन वेळा धार बघा. पहिली धरायचीच नाही, पुढच्या दोन मोजायच्या.

दात घरातल्या पुरुषांना बघू द्या, ते त्यांना येतं! दोन दाती म्हणजे साधारण अडीच वर्षांची, आठ दात जुळले की साडेचार-पाचची. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय मला पसंत. कानातला पिवळा बिल्ला मात्र स्वतः बघा, त्याचा १२ अंकी नंबर पावतीवर उतरवून घ्या.

एवढा कीस कशाला पाडायचा? दिवसाला तीन लिटर दूध कमी निघालं, लिटरला ३० रुपये धरले, तरी महिन्याचे २७०० रुपये गेले. आमच्या गटातल्या एकीचा जवळपास तेवढाच हप्ता होता. गाय आटली, हप्ता आटला नाही. शेवटी तिने कानातलं मोडलं.

भाव ठरवताना हेडे रुमालाखाली बोटं धरतात. मी सरळ सांगते, "दादा, मोठ्याने बोला." चार माणसं ऐकतात. विसार हजार-दोन हजारच द्या, आणि किती दुधाच्या बोलीवर घेतली ते दोन साक्षीदारांसमोर पावतीच्या मागे लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कू केलं, तर पुढची दावण बघायची. बाजार दर आठवड्याला भरतो.