पेती मेलिए : दुर्मिळ द्राक्षवाणाच्या शॅम्पेनचे आस्वादन

प्रस्तावना : फ्रान्समधील शॅम्पेन प्रदेशातील मळे मुख्यतः पिनो न्वार, म्यनिए व शार्दोने या तीन द्राक्षवाणांनी व्यापलेले आहेत. पेती मेलिए हा तेथील मान्यताप्राप्त, परंतु अत्यंत दुर्मिळ वाण होय. अल्प व अनियमित उत्पादन आणि रोगांना बळी पडण्याची प्रवृत्ती यांमुळे त्याची लागवड मागे पडली.

आस्वादन : वाईन ८ ते १० अंश सेल्सिअस तापमानास घ्यावी. प्रथम बुडबुडे पाहावेत, नंतर गंध घ्यावा. लिंबूवर्गीय फळे व हिरवे सफरचंद यांचा गंध वाणाचा. पावासारखा गंध बाटलीत यीस्टसह मुरण्याचा. आंबटपणा पारखताना मात्र सावधगिरी हवी. आंबट चव ओळखणाऱ्या पेशी कार्बन डायऑक्साइडलाही प्रतिसाद देतात, असे २००९ मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसून आले. म्हणून फेस ओसरल्यावर दुसरा घोट घ्यावा. तेव्हा उरतो तो द्राक्षाचा आंबटपणा.

निष्कर्ष : तापमानवाढीमुळे शॅम्पेनमधील द्राक्षे लवकर पिकतात व त्यांची आम्लता घटते. पेती मेलिए पिकल्यावरही आम्लता टिकवितो. त्यामुळे या उपेक्षित वाणाचे जतन हा केवळ रसिकतेचा विषय नसून त्या प्रदेशाच्या द्राक्षशेतीच्या भवितव्याशी निगडित प्रश्न आहे.