तोल गेला, म्हणजे मद्यच का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ कळंबोलीत होतो. लोखंड बाजारातले अवजड ट्रक, बंदराकडे निघालेले कंटेनर आणि पुण्याकडे धावणाऱ्या मोटारी येथील चौकात एकत्र येतात. कल्पना करा, रात्रीच्या नाकाबंदीत सत्तरीचे एक गृहस्थ अडवले गेले आहेत. बोलणे अडखळते आहे, पाय लटपटत आहेत, अंगाला दरदरून घाम सुटला आहे. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार मद्याचा येईल. प्रत्यक्षात इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबल्याने त्यांची साखर उतरलेली असू शकते. पक्षाघाताच्या झटक्यातही अशीच लक्षणे दिसतात. अशा वेळी कोठडीत गेलेला एक तास जिवावर बेतू शकतो.

म्हणूनच पोलीस, डॉक्टर, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न आपल्या घराशी निगडित आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाहनावरचा ताबा सुटेल इतका औषधाचा अंमल असणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. अडचण अशी की, श्वासचाचणीचे यंत्र मद्य ओळखते, झोपेची गोळी नव्हे. उलट, आसव-अरिष्ट घेऊन लगेच फुंकल्यास तोंडात राहिलेल्या मद्यामुळे आकडा फुगू शकतो. म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेणे, ग्लुकोमीटरने साखर तपासणे, या साध्या गोष्टी नाक्यावरच्या पोलिसाला शिकवल्या पाहिजेत. अमेरिकेत अमली पदार्थांचा अंमल ओळखणाऱ्या पोलिसांना बारा टप्प्यांची तपासणी शिकवतात. आजार किंवा दुखापत तर नाही ना, हे पाहणे तिचाच भाग असते.

नमुन्याचा प्रवास

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. खरोखर मद्यपी असलेल्या चालकाने पादचाऱ्याला उडवले, तर पुरावा तासागणिक विरत जातो. रक्तातील मद्य दर तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते. या गुन्ह्यात अटक झाल्यास दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी, असे कायदा म्हणतो. राज्याच्या १९५९ च्या नियमांनुसार रक्त घेताना त्वचेला स्पिरिट लावता येत नाही. घाईत परिचारिकेने नेहमीचा बोळा फिरवला, कुपीत परिरक्षक घातले नाही किंवा मोहोर नीट लागली नाही, तर बचाव पक्षाला संशयाची फट मिळते. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. त्या प्रकरणात चालकाचा रक्तनमुना रुग्णालयातच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. एक कुपी किती मोलाची असते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

न्यायाधीशांसाठी उत्तनला न्यायिक अकादमी आहे, तर पोलीस अधिकाऱ्यांसाठी नाशिकला पोलीस अकादमी. या विषयापुरते तरी डॉक्टर, पोलीस, वकील आणि न्यायाधीश यांनी एकत्र शिकणे हिताचे आहे. कारण एकाची चूक पुढच्या तिघांना निस्तरता येत नाही.

आपण काय कराल?

आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा. मधुमेह असल्यास गाडीत साखर किंवा ग्लुकोज असू द्या. झोपेची, सर्दीची किंवा तीव्र वेदनाशामक गोळी नव्याने सुरू होताना ‘गाडी चालवू का?’ असे डॉक्टरांना अवश्य विचारा. नाक्यावर अडवल्यास चाचणी नाकारू नका. आजार शांतपणे सांगा आणि वैद्यकीय तपासणीची मागणी करा. सोबतच्या आप्तांनीही हुज्जत न घालता प्रथम साखर तपासण्याचा आग्रह धरावा. चौकातल्या पोलिसाला आपली प्रकृती ठाऊक नसते. ती सांगणारे कोणीतरी, निदान पाकिटातले ते कार्ड, सोबत असायला हवे.