शब्दार्थ आणि शब्दप्रयोग

कोशात अर्थ पाहिला म्हणजे शब्द आपला झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. इंग्रजीत ती घातक ठरते. ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ या दोन्ही क्रियापदांना आपण मराठीत ‘संशय येणे’ असेच म्हणतो. परंतु ‘आय सस्पेक्ट दॅट ही स्टोल इट’ म्हणजे चोरी त्याने केली असावी. ‘आय डाउट दॅट ही स्टोल इट’ म्हणजे ती त्याने केली नसावी! साक्षीदाराने येथे ‘सस्पेक्ट’ऐवजी ‘डाउट’ म्हटले, तर चोरालाच निर्दोषपणाचा दाखला मिळावयाचा. परभाषकांची ही अडचण ओळखून ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये सहकाऱ्यांसह रचलेल्या, १९४२ साली निघालेल्या कोशात अर्थाबरोबर वाक्यरचनेचे साचेही दिले. तेव्हा शब्द सुटा पाठ करू नये, वाक्यासह करावा.