जिंकलेल्या मुलखाची घडी: म्हैसूर ते बेंगळुरू

जिंकलेल्या मुलखात मुलकी कारभार उभा करताना पहिला प्रश्न दफ्तराचा असतो. कोणत्या गावाचा सारा किती, तो कोण गोळा करतो आणि रिकामे झालेले शिपाई आता कोणाचे अन्न खाणार, हे ठाऊक असल्याखेरीज एकही हुकूम चालत नाही. 4 मे 1799 रोजी टिपू सुलतानाचे श्रीरंगपट्टण पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने नेमलेल्या कमिशनसमोर हेच प्रश्न होते. जॉन माल्कम आणि थॉमस मन्रो हे त्या कमिशनचे सचिव होते.

टिपूचे हिशेब कन्नड, मराठी आणि फारसी अशा तीन भाषांत लिहिले जात. ते वाचणारी, जुळवणारी माणसे टिपूच्याच दरबारातली होती. त्यांतले सर्वांत मोठे नाव पूर्णय्यांचे. कमिशनने त्यांनाच दिवाण नेमले आणि पाच वर्षांच्या कृष्णराज वोडेयरांना गादीवर बसवले. शत्रूचा महसूलप्रमुख आपल्या कामी लावणे हा त्या योजनेतला सर्वांत शहाणा निर्णय होता. पूर्णय्यांनी जुन्या शिपायांना कंदाचार दलात घेऊन गस्त व बंदोबस्ताला लावले आणि फुटलेली तळी व कालवे दुरुस्त केले. लुटारू टोळ्यांत गेली असती अशी माणसे त्यामुळे पगारावर राहिली.

मात्र त्याच वर्षीच्या तैनाती तहात एक कलम होते: खंडणीला धोका दिसला तर कंपनी कारभार हाती घेईल. पुढे महाराजांच्या अमदानीत ठरावीक वसुलीची हमी तालुक्याच्या अमिलदारांवर लादली गेली, रयत पिळली गेली आणि 1830 मध्ये म्हैसूर राज्याच्या नगर भागात उठाव झाला. 1831 मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने ते कलम वापरले. कारभार म्हैसूरहून बेंगळुरूला आला आणि किल्ल्यातल्या टिपूच्या महालात कचेरी थाटली गेली.

पहिला वरिष्ठ कमिशनर जॉन ब्रिग्ज या कामाला नवखा नव्हता. पेशवाई बुडाल्यावर तो दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याच्या हाताखाली खानदेशात होता. एल्फिन्स्टनने 11 फेब्रुवारी 1818 च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात वतने, इनामे व देवस्थाने राखण्याचे वचन दिले होते आणि वसुलीचा मक्ता बंद केला होता. जिंकलेल्या मुलखातला रूढ कायदा शक्यतो मोडू नये, हा नियम पुढे 1899 च्या हेग करारात आला. दख्खनमध्ये तो गरजेतून आधीच पाळला गेला होता.

बेंगळुरूतही तळाची उतरंड जुनीच राहिली. गावात पटेल आणि हिशेब लिहिणारा शानभोग, गावांच्या गटाला म्हणजे होबळीला शेकदार, तालुक्याला अमिलदार. वर फौजदारांच्या जागी चार विभागांचे युरोपीय सुपरिंटेंडेंट आले. शानभोगाच्या वहीतला आकडा शेकदाराकडून अमिलदाराकडे आणि तिथून वर चढे. वरचा साहेब बदलला तरी त्या वहीवाचून त्याचे काम अडे. 1834 ते 1861 इतका दीर्घ काळ कमिशनर राहिलेल्या मार्क कबनने हे ओळखले होते. त्याने 769 किरकोळ कर काढून टाकले, रस्ते बांधले, मुन्सफ ते हुजूर अदालत अशी न्यायाची पायरी बसवली. अठरा खात्यांची कचेरी 1868 मध्ये लाल रंगाच्या नव्या इमारतीत गेली. तीच अठरा कचेरी. तिथे आता उच्च न्यायालय आहे.

या घडीची खरी परीक्षा 1876 ते 1878 च्या दुष्काळात झाली आणि ती फार वाईट झाली. 1871 च्या जनगणनेत पन्नास लाखांवर असलेली वस्ती 1881 मध्ये बेचाळीस लाखांच्या खाली आली. रस्ते होते, दफ्तर होते, तरी धान्य वेळेवर भुकेल्यांपर्यंत पोहोचले नाही. चोख हिशेब ठेवणाऱ्या राजवटीला हे शोभणारे नव्हते. ज्या रयतेच्या नावावर सगळा जमाखर्च चाले, तिला विचारण्याची जागा या रचनेत कुठेच नव्हती.

राज्य परत करण्याचा निर्णय 1867 मध्येच झाला होता. 25 मार्च 1881 रोजी चामराजेंद्र वोडेयरांकडे ते सोपवले गेले. बेंगळुरूची 1809 मध्ये वसलेली छावणी मात्र इंग्रजांनी ठेवून घेतली. आजच्या इंदिरानगरच्या पश्चिमेला लागून असलेले हलसूर त्याच छावणीत मोडे. ही छावणी 1947 मध्ये म्हैसूरला परत मिळाली आणि 1949 मध्ये शहर व छावणी मिळून एकच महानगरपालिका झाली.