फाईल आवळावी कशी?

संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच : ही फाईल लहान कशी करावी? अर्जासोबत जोडावयाच्या प्रमाणपत्राला ठरावीक मर्यादा असते, ई-मेलने मोठी फाईल जात नाही, पेन ड्राइव्ह भरून जातो. मग कोणी सांगतो, ‘झिप कर’; दुसरा म्हणतो, ‘सेव्हन-झिप अधिक चांगले’; तिसरा एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर फाईल चढवून ती लहान करून आणतो. ह्यांपैकी उत्तम कोणते, हे ठरविण्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारावा लागतो. आवळलेली वस्तू पुन्हा उघडल्यावर ती अक्षरशः जशीच्या तशी परत हवी आहे काय?

मी सौसरकडचा. सौसर आणि पांढुर्णा ह्या तहसिली मिळून २०२३ साली मध्य प्रदेशात नवा पांढुर्णा जिल्हा झाला. आमच्याकडे कापूस आणि संत्री ही दोन्ही पिके होतात, आणि ह्या विषयाचे सारे मर्म ह्या दोन पिकांत आहे. रुई दाबून तिची गाठ बांधतात. जागा कमी लागते, गाडीत माल अधिक मावतो, आणि गाठ सोडली की रुई तेवढीच भरते. संत्र्याचा रस काढला तरी जागा वाचते. पण रसापासून पुन्हा संत्रे होत नाही. संगणकातील संपीडनाचेही असेच दोन प्रकार आहेत. झिप, सेव्हन-झिप ही गाठ बांधणारी साधने होत. जेपेग चित्र, एमपी-३ गाणे हा रस होय.

गाठ बांधली जाते कशी? मजकुरात पुनरुक्ती असते म्हणून. जुन्या वहीखात्यात वरचाच मजकूर खाली पुन्हा येत असेल तर लिहिणारा ‘कित्ता’ एवढेच लिहून मोकळा होई. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह ह्या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडलेली पद्धत हीच आहे : ‘इतकी अक्षरे मागे जा, तेथून इतकी उचल.’ दुसरी युक्ती त्याहून जुनी. जी खूण वारंवार येते तिला आखूड संकेत द्यावा, क्वचित येते तिला लांब. आखूड संकेतांची सर्वोत्तम वाटणी कशी करावी, हे डेव्हिड हफमन ह्यांनी शोधले आणि १९५२ साली प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, प्राध्यापक फानो ह्यांनी वर्गाला परीक्षा किंवा निबंध असा पर्याय दिला होता, आणि त्या निबंधासाठी हफमन ह्यांनी हा शोध लावला. ह्या दोन युक्त्या एकत्र केल्या की ‘डिफ्लेट’ पद्धत होते. झिप, जीझिप आणि पीएनजी चित्रे ही सर्व तिच्यावरच चालतात.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. कोणतीही फाईल हमखास लहान करणारे साधन असूच शकत नाही. दहा बिटांच्या वेगवेगळ्या फायली १०२४ होतात. दहापेक्षा कमी बिटांच्या, अगदी रिकामी धरूनही, १०२३ च. मग १०२४ पाहुण्यांना १०२३ खोल्यांत एकेकटे कसे ठेवणार? म्हणून ज्यात पुनरुक्ती उरलेली नाही ती फाईल आवळत नाही. जेपेग छायाचित्रांचा संच झिप केला तर आकार जवळपास तेवढाच राहतो, तो ह्याच कारणाने. रस आधीच काढलेला आहे, चोथा पिळून काय निघणार?

आता आपल्या लिपीचा विचार. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाणित झालेल्या ‘इस्की’ संकेतात देवनागरीच्या एका चिन्हाला एक बाइट लागे. आज सर्वत्र वापरात असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन लागतात. ‘पांढुर्णा’ ह्या शब्दात काना, अनुस्वार, हलन्त धरून नऊ चिन्हे आहेत. म्हणजे २७ बाइट. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तर नऊ बाइटांत मावतो. पण ह्या तीन बाइटांतील पहिला नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. कन्नड लिपीतही पहिला २२४ च, दुसरा १७८ किंवा १७९. म्हणजे दोन्ही भाषांच्या फायलींत पुनरुक्ती ठासून भरलेली आहे, आणि आवळण्याचा लाभ इंग्रजीपेक्षा आपल्याला अधिक.

तोटाही आहे. डिफ्लेट पद्धत मागे वळून पाहते ती केवळ ३२,७६८ बाइटांपर्यंत. इंग्रजीत एवढ्यात बत्तीस हजारांवर अक्षरे येतात. मराठीत सुमारे अकरा हजार चिन्हे, म्हणजे पाच-सहा छापील पाने. सातव्या पानावरचा शब्द पहिल्या पानावर आला होता, हे झिपला आठवत नाही. १९९६ साली आलेले बीझिप-२ सुमारे नऊ लाख बाइटांचा गठ्ठा एकदम हाताळते. इगोर पाव्हलोव्ह ह्यांचे १९९९ चे सेव्हन-झिप आणि २००९ चे एक्सझेड ही दोन्ही साधने कित्येक मेगाबाइट मागचे लक्षात ठेवतात. लांबलचक मराठी प्रबंध ह्या साधनांनी झिपपेक्षा लहान होतो, त्याचे हे कारण.

आणखी एक भेद आहे. झिप प्रत्येक फाईल स्वतंत्र आवळते. सेव्हन-झिप अनेक फायली सलग जोडून आवळू शकते. शंभर लहान पत्रे असतील तर दुसऱ्या पद्धतीत पुष्कळ जागा वाचते. मात्र अशी गाठ मध्येच बिघडली तर पुढची पत्रेही हातची जाण्याचा संभव असतो. झिपमध्ये एक बिघडली तरी बाकीच्या बहुधा वाचतात. वेग हा तिसरा मुद्दा. रोज घ्यावयाच्या राखीव प्रतींसाठी २०१६ साली खुले झालेले झेडस्टँडर्ड फार सोयीचे. ते उघडते अतिशय जलद आणि आवळतेही चांगले.

परंतु खरी जोखीम रस काढण्यात आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा भाग मध्य प्रदेशात राहिला. आमच्या घरच्या बासनात मराठी पत्रे, हिशेबाच्या वह्या आणि हिंदी सरकारी कागद एकत्र बांधलेले आहेत. त्यांची स्कॅन केलेली पाने घरच्यांनी मजकडे पाठविली, तेव्हा ‘लहान करून पाठवू का?’ असे काकांनी विचारले. मी नको म्हटले. त्यामागे २०१३ ची एक घटना आहे. जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल ह्यांना आढळले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून काढलेल्या नकाशाच्या प्रतीत तीन वेगवेगळ्या खोल्या सारख्याच, १४.१३ चौरस मीटरच्या, दिसत होत्या. यंत्रातील जेबिग-२ पद्धत सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे एकच चित्र ठेवून तेच सगळीकडे वापरीत होती, आणि त्यात ६ चा ८ होत होता. पुढे कंपनीने दुरुस्ती केली. पण विचार करा : अंधूक अक्षर कळत नाही म्हणून आपण सावध होतो, स्वच्छ दिसणारा चुकीचा आकडा मात्र संशयही येऊ देत नाही. देवनागरीतील १ आणि ९ किती जवळचे! शेताच्या कागदावर तेवढा फरक पुरे आहे.

तेव्हा निवड अशी करावी. मूळ स्कॅन पीएनजी किंवा न गमावणाऱ्या टिफमध्ये जपून ठेवावे आणि त्याची प्रत दुसऱ्या जागीही असावी. अर्जासाठी, मोबाईलवर पाठविण्यासाठी लहान जेपेग किंवा पीडीएफ काढावे, पण मुळाच्या जागी ते कधीही ठेवू नये, आणि त्यातील आकडे मुळाशी ताडून पाहावेत. ज्याला पाठवावयाचे त्याच्याकडे कोणते साधन आहे हे ठाऊक नसेल तर झिप बरे. ते बहुतेक संगणकांवर काही न बसविता उघडते. मजकुराच्या पुष्कळ फायली दीर्घकाळ ठेवावयाच्या असतील तर सेव्हन-झिप किंवा एक्सझेड घ्यावे. खाजगी कागद अनोळखी संकेतस्थळावर चढवू नयेत. आणि कोणतीही गाठ बांधल्यावर ती एकदा सोडून, आतला माल पाहूनच मूळ फाईल पुसावी.

महाविद्यालयाच्या नियतकालिकांचे जुने अंक, प्रबंध, हस्तलिखिते आज ठिकठिकाणी स्कॅन होत आहेत. पन्नास वर्षांनी ती वाचणाऱ्याला आपण किती मेगाबाइट वाचविले, ह्याचे कौतुक नसेल. त्याला अक्षर हवे असेल, आणि तेही लिहिणाऱ्याने लिहिले होते तेच.