मर्यादित प्रवेश (मासेमारी)

मर्यादित प्रवेश ही मत्स्यव्यवस्थापनाची एक पद्धत आहे. ठरावीक पाण्यात, ठरावीक साधनाने किंवा ठरावीक जलचरासाठी मासेमारी करणाऱ्यांची संख्या शासन परवान्यांद्वारे निश्चित करते आणि ती संख्या भरल्यानंतर नवा परवाना देत नाही. केवळ परवाना सक्तीचा करणे म्हणजे मर्यादित प्रवेश नव्हे. मागेल त्याला परवाना मिळत असेल, तर तो निव्वळ नोंदणीचा कागद ठरतो.

बुडी मारून केल्या जाणाऱ्या व्यापारी मासेमारीत, म्हणजे शंख, मोत्यांची कालवे, समुद्रकाकडी, ॲबलोन यांसारखे जलचर हाताने गोळा करण्याच्या व्यवसायात, या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्राची सागरी मासेमारी मुख्यतः जाळ्यांची असल्याने येथे तिचे ठळक उदाहरण पर्ससीन जाळ्यांच्या परवान्यांमध्ये आढळते.

तात्त्विक पार्श्वभूमी

समुद्रातील मासळी पकडली जाईपर्यंत कोणाचीच नसते. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली या स्थितीचे आर्थिक विश्लेषण केले. व्यवसायात नफा दिसत असेपर्यंत नव्या नौका येत राहतात. प्रत्येक नवी नौका इतरांच्या वाट्यातूनच आपला वाटा काढते आणि अखेर सर्वांचे उत्पन्न खर्चाच्या पातळीवर येऊन ठेपते. तोवर मासळीचा साठाही खालावलेला असतो. एखाद्याने संयम पाळून लहान मासळी सोडून दिली, तरी ती दुसऱ्याच्या जाळ्यात जाते. त्यामुळे एकट्याच्या संयमाचे फळ त्याला मिळत नाही.

गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ सालच्या लेखामुळे हा विचार सर्वत्र पोहोचला. मात्र सामाईक संपत्तीचा नाश अटळ असतो, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मान्य केला नाही. गावसमाज स्वतः नियम करून अशी संपत्ती पिढ्यान्पिढ्या टिकवतात, हे त्यांनी १९९० सालच्या ग्रंथात अनेक उदाहरणांनी दाखवले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या उदाहरणांतही हक्कदार कोण आणि बाहेरचा कोण याची स्पष्ट सीमा हे पहिले लक्षण होते. म्हणजे प्रवेशाला मर्यादा तेथेही होतीच, फक्त ती शासनाने घातलेली नव्हती.

बुडी मासेमारीचे वेगळेपण

बुडी मारून गोळा केले जाणारे बहुतेक जलचर एका जागी राहणारे किंवा फार मंद हालचाल करणारे असतात. पाणबुड्याला ते डोळ्यांनी दिसतात आणि तो एखादा खडक जवळजवळ पूर्ण रिकामा करू शकतो. एक जागा संपली की तो पुढच्या जागी जातो. परिणामी एका दिवसात मिळणारा माल बराच काळ कमी होत नाही आणि साठा आटत असल्याची सूचना नोंदींतून उशिरा मिळते. जाळ्याच्या मासेमारीत रिकामे जाळे धोक्याची सूचना देते. येथे ती सूचना मिळेपर्यंत किनाऱ्यावरचे बहुतेक खडक ओस पडलेले असू शकतात.

दुसरी अडचण प्रजननाची आहे. ॲबलोन, समुद्रकाकडी, सागरी अर्चिन हे जीव अंडी व शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. फलन होण्यासाठी नर-मादी जवळजवळ असावे लागतात. संख्या विरळ झाली की जिवंत राहिलेले प्राणीही वंशवृद्धीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात, आणि मासेमारी थांबवूनही साठा सावरत नाही.

म्हणून अशा व्यवसायात प्रवेशाची मर्यादा व्यवसाय वाढीस लागला असतानाच घालावी लागते. त्या वेळी मोजके लोक त्यात असतात, कोणी कर्ज काढून नौका घेतलेली नसते आणि कोणाला बाहेर काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९५ साली स्वीकारलेल्या जबाबदार मासेमारीच्या आचारसंहितेतही नव्या मासेमारीबाबत शक्य तितक्या लवकर सावध उपाय योजावेत, असे म्हटले आहे.

परदेशांतील अनुभव

ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ॲबलोनच्या पाणबुड्यांची संख्या १९६० च्या दशकाच्या अखेरीस, व्यवसाय तरुण असतानाच, मर्यादित करण्यात आली. तथापि माणसे तितकीच राहिली तरी प्रत्येकाची क्षमता वाढत गेली. त्यामुळे १९८५ पासून एकूण उत्पादनावरही कोटा घालावा लागला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात वाळूत खोल राहणाऱ्या गुईडक या शिंपल्याची मासेमारी १९७६ मध्ये सुरू झाली. तेथे परवाने ५५ वर थांबवण्यात आले आणि १९८९ पासून प्रत्येक परवान्याला ठरावीक कोटा मिळू लागला. हा शिंपला शंभराहून अधिक वर्षे जगतो. एकदा उपसलेला साठा भरून येण्यास किती काळ लागेल, याची कल्पना यावरून येते.

कॅलिफोर्नियातील लाल सागरी अर्चिनचे उदाहरण उलट दिशेचे आहे. जपानी बाजारपेठेमुळे १९७० च्या दशकात हा व्यवसाय वाढला आणि नवे परवाने १९८७ मध्ये थांबवेपर्यंत परवानाधारकांची संख्या नऊशेच्या आसपास गेली होती. पुढच्याच वर्षी उत्पादनाने उच्चांक गाठला. उद्दिष्ट ३०० परवान्यांचे ठरले, पण जुने परवानाधारक निवृत्त होण्याची वाट पाहत ते गाठायला दीर्घ काळ लागला.

अलास्कात तर मूळ राज्यघटनेनेच मासळीवर सर्वांचा हक्क मानला होता. तेथे १९७२ मध्ये घटनादुरुस्ती करून १९७३ मध्ये मर्यादित प्रवेशाचा कायदा करण्यात आला.

मन्नारचे आखात

भारतात बुडी मासेमारीची सर्वांत जुनी परंपरा तमिळनाडूतील तूतुकुडीच्या किनाऱ्यावर आहे. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या तिन्ही सत्तांनी तेथील मोत्यांच्या कालवांवर आपला ताबा ठेवला. परवर समाजाचे पाणबुडे हे काम करीत. कालवांच्या जागांची पाहणी करून पुरेशी पक्व कालवे आढळली तरच हंगाम जाहीर होई. ही मर्यादा काळावर होती, माणसांच्या संख्येवर नव्हती. १९६१ नंतर तेथे मोत्यांचा हंगाम भरलेला नाही. शंखांच्या बाबतीतही शासनाची मक्तेदारी होती. लहान आकाराचे शंख परत सोडले जात, तर मोठे शंख प्रामुख्याने बंगालमध्ये बांगड्यांसाठी जात.

समुद्रकाकडीच्या व्यवसायात असे काही घडले नाही. परदेशी मागणीमुळे पाणबुड्यांची संख्या वाढत राहिली. १९८२ मध्ये तीन इंचांहून लहान मालाच्या निर्यातीवर बंदी आली, परंतु किती जणांनी बुडी मारावी यावर बंधन आले नाही. अखेर २००१ साली सर्व समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले आणि संपूर्ण व्यवसायच बेकायदा ठरला. संख्या आवरण्याची मधली पायरी वगळली गेल्याने जुन्या, परंपरागत पाणबुड्यांचीही उपजीविका त्यात गेली.

महाराष्ट्र

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा किनारा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. तिच्यासाठी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. बांगडा, तारली यांचे थवेच्या थवे घेरणारे पर्ससीन जाळे यांत्रिक नौकांवर आल्यानंतर रापण आणि गिलनेट वापरणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांशी, विशेषतः मालवण परिसरात, तीव्र संघर्ष झाला.

शासनाने नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. त्यानुसार नवे पर्ससीन परवाने बंद झाले, ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने २६२ आणि अखेर १८२ वर आणण्याचे ठरले, आणि या जाळ्यांचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच ठेवण्यात आला.

हा निर्णय व्यवसाय पूर्ण वाढल्यावर झाल्याने त्याची अंमलबजावणी कठीण गेली. कर्ज घेऊन नौका बांधलेल्यांना तो अन्यायकारक वाटला, तर पारंपरिक मच्छीमारांची तक्रार विनापरवाना नौकांबद्दल कायम राहिली. शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरना तर या संख्येचे बंधनच नव्हते. कायद्यातील दंड तुटपुंजा होता आणि खटले तहसीलदारांपुढे चालत. २०२१ मधील दुरुस्तीने दंड वाढवून हे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे दिले.

आक्षेप

परवान्यांची संख्या बांधली की परवान्यालाच किंमत येते. पहिल्या पिढीला तो जवळजवळ फुकट मिळतो. पुढच्या पिढीतील तरुणाला तो विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो. टास्मानियात अनेक पाणबुडे दुसऱ्याच्या मालकीच्या कोट्यावर काम करतात. नौकेवर मजुरी करणाऱ्या खलाशाला किंवा मासळी विकणाऱ्या स्त्रीला परवानावाटपात स्थान नसते, हाही गंभीर आक्षेप आहे. संख्या मर्यादित असली तरी मोठे इंजिन व मोठे जाळे लावून क्षमता वाढवता येते, म्हणून केवळ संख्येवर विसंबणे पुरेसे ठरत नाही.

जलाशयांतील स्वरूप

समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांत हेच तत्त्व ठेक्याच्या रूपाने दिसते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात पैनगंगेवरील पेनटाकळी आणि कोराडी यांसारखे जलाशय आहेत. राज्यातील अशा जलाशयांत मासेमारीचा हक्क सर्वांना खुला नसतो; तो ठरावीक मुदतीसाठी, सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थेला, ठेक्याने दिला जातो. संस्था कटला, रोहू, मृगळ यांचे मत्स्यबीज सोडते आणि तिचे सभासदच मासे पकडतात. समुद्राशी तुलना करता येथे एक मोठी सोय आहे: बीज सोडणारा आणि मासा पकडणारा एकच असतो. मुदत मात्र फार लहान असेल, किंवा पावसाअभावी जलाशय आटला, तर बीजावर केलेला खर्च वसूल होण्यापूर्वीच ठेका संपतो.