राखणीचा कुत्रा आणि पिसाळ रोग

खळ्यावर राखण करणारा कुत्रा आणि कणगीभोवतीचे उंदीर मारणारी मांजर ही शेतकऱ्याची बिनपगारी माणसेच होत. बैलाच्या खुराकाची चौकशी घरोघर होते. कुत्र्याला लस टोचली किंवा नाही, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्यास पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची, लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी. मांजरासही हाच नियम. एरवी गरीब असलेला कुत्रा एकाएकी अंगावर येऊ लागला, लाकूड-माती चावू लागला, त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, तर जवळ जाऊ नये. काही कुत्री अंधारात गप्प पडून राहतात; घशात हाड अडकले असे समजून त्यांच्या तोंडात हात घालणे फार घातक.

कुत्रा चावल्यास जखमेवर चुना, तिखट वा हळद भरण्याची रीत अजून आढळते. ती सोडावी. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातील चौदा सुयांच्या धास्तीने लोक टाळाटाळ करतात. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात २००५ पर्यंत बंद झाली. आता लस दंडात देतात. लक्षणे उमटल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून वाट पाहू नये.

चावणारा पाळीव कुत्रा मारू नये. बंदिस्त ठेवून १० दिवस त्याच्यावर नजर ठेवावी. तो धडधाकट राहिल्यास उरलेल्या मात्रांविषयी डॉक्टर ठरवतात.